खटका पडतो तो पडू द्या

एडिसन, न्यू जर्सी

ती. बाबा,

फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, म्हणून हे पत्र. कागदावर तरी मध्येच "अगं, आधी ऐक तर" म्हणता येणार नाही.

गणपतीत आईने एकाच लाइनवर इंडक्शनवर मोदकपात्र चढवलं, ओव्हनमध्ये नानकटाई ठेवली, काकांच्या चहाला किटली लावली आणि वर मिक्सरमध्ये चटणी फिरवली. खटका पडला. वायरमन म्हणाला, "सोळाचा एमसीबी काढून बत्तीसचा टाकतो, परत पडणार नाही." अगदी खरं बोलला. खटका पडणार नाही, भिंतीतली वायर शिजेल.

वॉटला २३० ने भागा. इंडक्शन २००० वॉटचं, म्हणजे पावणेनऊ ॲम्पियर. ओव्हन आणि किटली १५००-१५०० ची, म्हणजे साडेसहा-साडेसहा. मिक्सर ७५० चा, सव्वातीन. झाले पंचवीस! सोळाच्या एमसीबीने थोडा वेळ कळ काढली आणि मान टाकली. यात तो खराब कुठे झाला? इतक्या पाहुण्यांत घरात नियमाने वागणारा तो एकटाच होता.

बाबा, एमसीबी बसवतात तो वायर वाचवायला. भिंतीत बहुधा अडीच चौरस मिलिमीटरची वायर आहे. करंट दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते, आणि साध्या पीव्हीसीचं आवरण ७० अंशांच्या पुढे टिकायचं नाही. बत्तीसचा एमसीबी तीस ॲम्पियरलाही चालू द्या म्हणणार. म्हणजे जुन्या घरातल्या किटकॅट फ्यूजसारखंच. तिथे तुम्ही दुपदरी तार पिळून घालायचात आणि आई देवापुढे जास्तीची उदबत्ती लावायची. त्या व्यवस्थेत निम्मं काम उदबत्तीच करत होती.

पोपटी लावताना मडक्याभोवती जाळ किती हवा, यावर तुम्ही अख्ख्या पनवेलशी भांडता. तेवढंच इथे भांडा. इंडक्शनला मेन बोर्डापासून वेगळी अडीचची वायर आणि सोळाचा एमसीबी, ओव्हनलाही तसंच. किटली-मिक्सर जुन्या लाइनवर सुखाने नांदतील. दीडची वायर लाइट-पंख्यापुरती. अर्थिंगची हिरवी तार प्रत्येक पॉवर पॉइंटला हवी आणि बोर्डात करंटची गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबीही. त्यावर तरी घासाघीस करू नका.

आणि दुकानात पाहिलेली ती चार चुलींची काचेची शेगडी! ती ७००० वॉटची, म्हणजे एकटीच तीस ॲम्पियर. बत्तीसचा एमसीबी तिथे शोभेल, पण सहाच्या वायरीवर. आणि आधी बिलावरचा मंजूर भार वाचा. गॅस आहे तो काय वाईट आहे?

इथे शेगडीला २४० व्होल्टची स्वतंत्र लाइन असते आणि चाळीस किंवा पन्नासचा ब्रेकर. वायरीचा नंबर वाढला की वायर बारीक होते: पन्नासला सहा नंबरची, ओट्यावरच्या वीसच्या लाइनला बारा नंबरची. ओट्याला मात्र १२० व्होल्टच. त्यामुळे १५०० वॉटची किटली एकटीच साडेबारा ॲम्पियर खाते, आणि शेजारी टोस्टर लावला की अमेरिकेतही अंधार. आईने दिलेला मिक्सर ट्रान्सफॉर्मरवर चालतो. तो ट्रान्सफॉर्मर उचलायला दोघं लागतात.

भिंतीतली वायर खरंच अडीचची आहे का ते आधी पाहा. मेन बंद करून वायरमनला बोर्ड उघडायला लावा. वायरीवर बारीक अक्षरांत माप छापलेलं असतं. आईला वाचायला सांगा, तुम्ही अंदाजाने सांगाल. फोटो काढून पाठवा.

तुमची लाडकी

ता. क. वायरमनला हे मी कळवलंय असं सांगू नका, ऐकणार नाही. जावयांनी कळवलंय म्हणा. जावई बँकेत आहेत, हे सांगायची गरज नाही.