आरामखुर्चीतील मुशाफिराची कैफियत

जगातील बहुतेक प्रेक्षणीय देश मी ठाण्यातल्या माजिवड्याच्या आमच्या दिवाणखान्यात वेताच्या आरामखुर्चीत बसून पाहिले आहेत, आणि त्या देशांशी माझा परिचय इतका दृढ आहे की पदरचे पैसे मोडून जे लोक तेथे प्रत्यक्ष जाऊन येतात त्यांच्याविषयी मला अनुकंपेखेरीज दुसरी कोणतीही भावना वाटत नाही. आमच्या इमारतीतील कोणी परदेशवारीहून परतले की प्रघाताप्रमाणे चॉकलेटांची पिशवी घरी येते. ती मी स्वीकारतो आणि लगेच आणणाराची उलटतपासणी सुरू करतो. मध्यंतरी चौथ्या मजल्यावरील एक गृहस्थ प्रागहून आले. तेथील चौकातल्या 1410 सालच्या घड्याळाला तास पडतो तेव्हा बाजूचा सांगाडा दोरी ओढून घंटा वाजवतो आणि वरच्या खिडक्यांतून बारा प्रेषित मिरवत जातात. तो सोहळा आपण कोणत्या बाजूने पाहिलात, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, ‘‘काका, त्या वेळी आम्ही सगळे शौचालय शोधत होतो.’’ एवढा खर्च, आणि फलश्रुती ही!

माझी तक्रार आहे ती दूरचित्रवाणीवरील निवेदकाविरुद्ध. हा मनुष्य कोठेही खोळंबत नाही. व्हिसाच्या कचेरीत बँकेच्या दाखल्यांची चळत छातीशी धरून, आपण परत स्वदेशी येणारच आहोत अशी हमी काचेपलीकडच्या कनिष्ठ कारकुनाला देताना तो कधी दिसत नाही. त्याचे सामान हरवत नाही. आणि समुद्रकिनाऱ्यावरून हिमशिखरावर जायला त्याला पापणी लवण्याइतकाच अवकाश लागतो. नाशिकचा, घोडबंदरचा आणि मुंबईचा अशा तीन हमरस्त्यांनी परस्परांची अडवणूक करण्याचा जणू करारनामाच ज्या नाक्यावर करून ठेवला आहे, त्या नाक्याच्या रहिवाशाला हे पाहताना काय वाटत असेल? आमच्याकडे प्रवास म्हणजे मुख्यत्वेकरून थांबणे.

या बाबतीत मी मायकेल पेलिन या इंग्रज गृहस्थाला मात्र मानतो. 1989 साली बीबीसीने दाखवलेल्या त्याच्या ऐंशी दिवसांच्या पृथ्वीप्रदक्षिणेत तो दुबईहून मुंबईस आला तो विमानाने नव्हे, तर गुजराती खलाशांच्या गलबतातून, त्यांच्यातच उघड्या फळ्यांवर निजून. आणि त्या संथ दिवसांइतके रम्य चित्रण मी दुसरे पाहिलेले नाही. पुढे त्याने मुंबईहून मद्रासची गाडी धरली. आता मद्रासची गाडी ठाण्याची हद्द ओलांडल्यावाचून जाऊ शकत नाही हे शेंबडे पोरही सांगेल. परंतु 16 एप्रिल 1853 रोजी हिंदुस्थानातील पहिली उतारूंची आगगाडी ज्या स्थानकात येऊन थांबली, त्याचा साधा नामोल्लेखही मला त्या मालिकेत आढळला नाही. मी तो भाग पुन्हा पाहिला. नाहीच.

वस्तुतः प्रवासवृत्तान्ताच्या बाबतीत आमच्या मुलखाने कोणाकडे हात पसरण्याचे कारण नाही. कल्याणच्या चिंतामणराव वैद्यांनी विष्णुभट गोडसे यांच्याकडून त्यांच्या मुशाफिरीची हकीकत लिहवून घेतली आणि भटजींच्या पश्चात, 1907 साली, ‘माझा प्रवास’ या नावाने छापून काढली नसती, तर केवढ्या ऐवजाला आपण मुकलो असतो! पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक, बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार आणि घरचे कर्ज फिटणार, एवढ्या हिशेबावर नेमका 1857 साली चुलत्यांना घेऊन निघाला. मुहूर्त कोणी काढून दिला होता कोण जाणे! वाटेत बंडवाले शिपाई भेटले; झाशीस मुक्काम पडला तर सर ह्यू रोजने त्याच शहराला वेढा घातला; गोळ्यांचा वर्षाव झाला, कत्तल झाली, लूट झाली, आणि गाठीला जमलेले द्रव्य एकदा नव्हे, वारंवार गेले. अखेरीस हा मनुष्य घरी परतला तो गंगोदकाची कावड खांद्यावर घेऊन, आणि त्या पाण्याने त्याने आईबापांना स्नान घातले. कर्जाचा जमाखर्च होता तसाच राहिला असावा. भटजींच्या मागे छायाचित्रकार नव्हता, पुढच्या भागाची जाहिरात नव्हती, आणि तोफा वाजू लागल्यावर ‘थोड्याच वेळात परत भेटू’ असे म्हणण्याची सोय तर मुळीच नव्हती. गोडसे भटजींचा विषय निघाला की मला वेळेचे भान राहत नाही, घरच्यांना राहते.

हे सर्व मी परवा रात्री आमच्या सौभाग्यवतींना ऐकवत होतो. समोर पडद्यावर जॉर्जिया देश चालू होता. तिकडे मेजवानीला सुप्रा म्हणतात आणि तिच्यावर तमादा नावाचा एक वडीलधारा पुरुष देवापासून पूर्वजांपर्यंत सर्वांच्या नावे चषक उंचावण्याचा हुकूम सोडत असतो. आमचा निवेदक त्याच्या शेजारी बसून एक डोळा मिटून मान हलवत होता. मागे एक म्हातारी कोपरापर्यंत पिठात हात घालून उभी. तिने मोदकाच्या चुण्या पाडाव्यात तशा खिंकालीच्या चुण्या पाडून ताट भरले, पुढे सरकवले, पदराला नव्हे पण ॲप्रनला हात पुसले, आणि दुसरे ताट घेतले.

सौ. म्हणाली, ‘‘अहो, पण त्या आजी कधी जेवल्या?’’

मी पाहत राहिलो. निवेदकाने बोटे चाटली, आजींच्या खांद्यावर हात ठेवून प्रशस्ती केली, आणि चित्रण थेट कॉकेशस पर्वतावर निघून गेले. तेव्हापासून मला दुसरे काही दिसेनासे झाले आहे: मोरोक्को असो की व्हिएतनाम, चुलीपाशी कोणीतरी उभे असते, पाहुणा जेवून तृप्त होतो, आणि ते जे कोणी उभे आहे त्याच्या जेवणाची वेळ येण्यापूर्वीच देश बदलतो. हा प्रश्न केवळ जॉर्जियाच्या सरहद्दीपुरता मर्यादित नसावा, अशी शंका त्या रात्री मला स्वतःच्याच घरात बसल्या बसल्या चाटून गेली. म्हणून मी आवाज थोडा वाढवला. आमच्या कपाटात तिचे एक पारपत्र आहे. त्याची मुदत कधीच संपली. आतली सगळी पाने कोरी आहेत.

‘‘ते तुमचं वरसई कुठंशी आलं?’’ तिने विचारले.

‘‘पेण तालुक्यात.’’

‘‘म्हणजे दिवसात जाऊन येता येईल. पेणकडे जाणारी एसटी असेलच की ठाण्याहून.’’

त्या गावी आता पाहण्यासारखे काही उरले असेलच असे नाही, रस्त्याची अवस्था बिकट आहे, एखादा निवेदक आज ना उद्या तेथे जाईलच आणि मग ते सर्व अधिक चांगल्या कोनातून दिसेल, असे तीन मुद्दे मी क्रमाने मांडले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि दशम्यांसाठी दूध आहे का ते पाहायला उठली. मी तिला हाक मारून एवढेच विचारले की एसटीत खिडकीजवळची जागा मिळण्याची काही तजवीज आहे काय. आतून उत्तर आले, ‘‘तिथं मी बसणार आहे.’’