बंदूक जमा, बाटली घरात

अमेरिकेत कुठे गोळीबार झाला, की आमच्या धनजच्या पानठेल्यावर आकडेभाऊंचा मोबाइल खिशातून बाहेर येतो. बातमी दुसरा कुणी वाचतो, हिशेब आकडेभाऊ लावतात. "बंदुकीनं तिकडं मेले किती? 2022 साली 48,204. अन् आपल्या देशात त्याच वर्षी नुसत्या रस्त्यावर 1,68,491! मंग भेव कोणाचं धरायचं, सांगा न राजेहो." मंडळी माना डोलावतात. कशात का होईना, अमेरिकेला मागे टाकलं! त्यांची लोकसंख्या आपल्या पाव हिश्श्याचीही नाही, हे कुणी काढत नाही. पानठेल्यावर बेरीज चालते, फार तर गुणाकार. भागाकाराचं नाव काढलं की मंडळी उठून जातात.

आकडेभाऊ कोण, हे सांगत बसत नाही. प्रत्येक फाट्यावर एक असतो. कुठल्याही मरणावर त्याच्याकडे त्याहून मोठं मरण तयार असतं. 1 जुलै 2023 ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटली, 25 माणसं जळाली. त्याचा विषय निघाला, की भाऊ म्हणतात, "रस्त्याचं काय घेऊन बसले? आत्महत्या पाहा. 2022 साली 1,70,924." बरं, आत्महत्यांचं बोलू. "त्यात शेतीवाले 11,290च. त्याहून जास्त तर साप चावून मरतात, वर्षाला अठ्ठावन्न हजाराचा अंदाज हाय." बरं, सापाचं बोलू, दवाखान्यात लस असते का, ते विचारू. "सापाचं काय सांगता, हार्ट अटॅक पाहा." कचेरीतली फाइल जशी या टेबलावरून त्या टेबलावर जाते, तसं मरण एका आकड्यावरून दुसऱ्यावर सरकत राहतं. शेवटच्या टेबलावरचा शेरा ठरलेला: "जायचं तर सगळ्यांनाच हाय बाप्पा." मग चुना लावायचा, सुपारी टाकायची, विषय निकाली.

पण एका बाबतीत सरकार आकडेभाऊंना अजिबात जुमानत नाही. ती बाब म्हणजे बंदूक. आमच्याकडची बंदूक म्हणजे ठासणीची. आजोबांच्या काळातली, पीक राखायला घेतलेली. दारू ठासायची, छर्रे भरायचे, टोपी बसवायची. तोवर डुक्कर तुरीतून हरभऱ्यात जाऊन, पोट भरून, परत वाटेला लागलेलं असतं. तरीही तिला परवाना लागतो, पोलिसांची चौकशी लागते, मुदत संपली की नूतनीकरण लागतं. डुक्कर मारायचं तर त्याचा अर्ज वेगळा. आणि आचारसंहिता लागली की तिनं ठाण्यात हजर व्हायचं. 26 एप्रिल 2024 ला लोकसभेचं मतदान झालं, तेव्हा शिवार मोकळं होतं, चाललं. पण विधानसभेचं आलं 20 नोव्हेंबरला. तूर फुलावर, हरभरा वीतभर, रानडुकरांची चंगळ, रोह्यांचे कळप बांधावर, आणि बंदूक ठाण्याच्या कोपऱ्यात गळ्यात चिठ्ठी बांधून उभी. शेतकऱ्याच्या हाती पावती. आता पावती दाखवून डुक्कर पळत असतं, तर गोष्ट वेगळी होती. मला तर दाट संशय आहे, की मतदानाची तारीख जाहीर होते ती डुकरांना सोयीची पाहूनच. आचारसंहितेचं काटेकोर पालन या तालुक्यात कुणी करत असेल, तर तेच करतात. लागू झाली त्या रात्री हजर, उठली की जंगलात. जागलीला गेलेला माणूस रात्रभर मचाणावर बसून डबा बडवतो. डब्याला अजून परवाना लागत नाही. ही गोष्ट कृपया वर कळवू नये.

आता त्याच घरात पाहा. फळीवर बियाण्याची थैली, तिच्याशेजारी अर्धी उरलेली फवारणीच्या औषधाची बाटली. वर कवटी, तिच्याखाली लाल त्रिकोण, बाजूला मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात सूचना. ही बाटली घ्यायला काय लागलं? कृषी केंद्रात जाऊन "भाऊ, अळीचं द्या" एवढं म्हणणं. पैसे नसले तर तेही नाही. उधारीवर लिहून घेतात, सोयाबीन निघालं की द्या. कायदा 1968 पासून आहे, पण परवाना विकणाऱ्याला लागतो. घेणाऱ्याला लागते ती फक्त गरज. समजा, बंदुकीचे नियम बाटलीला लावले. फॉर्म भरा: औषध कशासाठी? अळीसाठी. अळी आपल्या परिचयाची आहे का? दोन शेजाऱ्यांची शिफारस आणा. मग बीट जमादार घरी येणार, चहा घेणार आणि विचारणार: बँकेची नोटीस आली का, पोरीचं लग्न कुठे अडलं, बियाणं किती वेळा मोडलं, सावकार कितीदा येऊन गेला? सगळं खरं निघालं, तर बाटली जप्त, ठाण्यात जमा, बंदुकीच्या बाजूला. वाटलं तर हसा. पण मला सांगा, जिवंत माणसाला हे चार प्रश्न विचारायला सरकारी माणूस आजवर कुणाच्या उंबऱ्यावर आला का?

येतो ना. मेल्यावर येतो. तेव्हा मात्र एकही प्रश्न सुटत नाही. सातबारा कुणाच्या नावावर? कर्ज मान्यताप्राप्त बँकेचं, की परवानाधारक सावकाराचं? वसुलीचा तगादा होता याला पुरावा? नापिकी कागदावर आहे का? जमीन बापाच्या नावावर, म्हणून अडचण. मक्त्याने केलेली, म्हणून अडचण. कर्ज बिनपरवान्याच्या सावकाराचं, म्हणजे झालंच नाही; आणि इकडे गावातलं निम्मं कर्ज त्याचंच! बाई गेली, तर तिचं नाव सातबाऱ्यावर नसतंच. मग ती शेतकरी कशी? आयुष्यभर निंदण-खुरपण करून ती ठरते 'गृहिणी'. समिती बसते आणि मयताला पात्र किंवा अपात्र ठरवते. दहावीत नापास झालेल्याला फेरपरीक्षा तरी असते. पात्र ठरला तर 1 लाख. त्यातले 30 हजार हाती, 70 हजार ठेवीत. हा दर 2006 सालचा. त्यानंतर खताची गोणी, डिझेल, आमदारांचं मानधन, सगळं वाढलं. जागेवर राहिलं ते फक्त हे मरण.

आकडेभाऊ जो अमेरिकेचा आकडा फेकतात, तोही त्यांनी नीट फोडलेला नाही. त्या 48,204 मध्ये अर्ध्याहून जास्त माणसं दुसऱ्याच्या गोळीने गेलेली नाहीत, स्वतःच्या हाताने गेलेली आहेत. तिकडे घरात बंदूक असते, इकडे बाटली. वाईट घडी दोन्हीकडे सारखीच येते आणि बहुतेकदा निघूनही जाते. ती टळायच्या आत हाताशी काय येतं, यावर सगळं ठरतं. हे कळायला अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. श्रीलंकेत आत्महत्या 1995 च्या सुमारास कळसाला पोचल्या होत्या. त्यांनी सर्वांत जहाल कीटकनाशकं एकेक करून बाजारातून काढली, आणि पुढच्या वीस वर्षांत आत्महत्यांचा दर सुमारे सत्तर टक्क्यांनी खाली आला. पिकाचं उत्पन्न घटलं नाही. मग औषध ठेवायला कुलुपाचे डबे घरोघरी वाटूनही पाहिले. डब्यांनी फरक पडला नाही. बंदीने पडला होता.

यातून आपल्याकडे काय उचलतील, ते आजच लिहून देतो: डबे. निविदा निघेल, डब्याच्या झाकणावर हसरा फोटो येईल, वाटपाचा मंडप पडेल, मंडपात आकडेभाऊ सूत्रसंचालन करतील. डबा घ्यायला सातबारा लागेल, आधार लागेल, बँकेचं पासबुक लागेल. जमीन बापाच्या नावावर असेल, तर त्या घराला डबा नाही.