गाडी सोडून सगळं

माणसं अमेरिकेत जाऊन नायगारा बघतात. आमच्या दाजींना रूळ बघायचे होते. दाजी म्हणजे थोरल्या ताईचे यजमान. सबंध नोकरी रेल्वेच्या पर्मनंट वे, म्हणजे रुळांच्या, खात्यात, आणि तिच्यातला आवडता भाग कुर्डुवाडीत गेलेला. 'बार्शी लाइट'ची अडीच फुटी लाइन ब्रॉडगेज होत होती तेव्हा ते तिथे होते, आणि हे ते कुठल्याही समारंभात, अगदी बारशालासुद्धा, पहिल्या दहा मिनिटांत सांगतात. त्यामुळे अटलांटातल्या भाचीनं शनिवारी रात्री जेवताना "बाबा, उद्या बेल्टलाइनवर जाऊ या, जुनी रेल्वेलाइन आहे, शहराभोवती बावीस मैलांचं कडं," असं म्हटल्याबरोबर दाजींनी पुढची पोळी नाकारली आणि ते मोजायची टेप शोधायला उठले.

भाचीनं वाक्य अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं अर्धं जावयानं मला भांडी आवरताना हळूच सांगितलं. "मामा, रूळ काढून टाकलेत. आता तिथं बार आहेत." हे दाजींना आपण होऊन सांगायचं नाही, यावर आमचं दोघांचं एकमत झालं.

सकाळी गाडीत जावयानं सासऱ्यांना शहराचा इतिहास सांगितला. १८३७ साली रेल्वेच्या लोकांनी जंगलात खुंटी ठोकली, लाइन इथे संपणार म्हणून. वस्ती झाली ती त्या खुंटीभोवती, आणि तिचं नाव पडलं टर्मिनस. दाजी खूष. "बघा! इथं आधी टर्मिनस, मग शहर. आपल्याकडे आधी शहर, मग टर्मिनस, मग त्याचं नाव काय ठेवायचं यावर मोर्चे." १८६४ मध्ये, अमेरिकेच्या यादवी युद्धात, जनरल शर्मनच्या फौजेनं शहर जाळलं, रूळ उखडले, तापवून लाल केले आणि झाडांच्या बुंध्यांना पिळून टाकले, त्या वेटोळ्यांना लोक 'शर्मनचे नेकटाय' म्हणत. यावर दाजी पुढचे दोन सिग्नल काही बोलले नाहीत. मात्र १८८६ च्या गोष्टीनं त्यांना पुन्हा तरतरी आली. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या रेल्वेचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, तोवर पाच फुटांचा होता. ३१ मे आणि १ जून या दोन दिवसांत हजारो मैलांच्या लाइनीचा एकेक रूळ तीन इंच आत सरकवला आणि गाड्या पुन्हा सुरू.

"दोन दिवसांत?" दाजी म्हणाले. "आम्हांला पंढरपूरहून मिरजेपर्यंत ब्रॉडगेज न्यायला २०१० उजाडलं. आणि तेही मी रजा घेतली नाही म्हणून."

पुढं यादवी युद्धानंतर शहराच्या पोटात गाड्यांची इतकी गर्दी झाली की वेगवेगळ्या कंपन्यांनी बाहेरून वळसा घालून जाणाऱ्या लाइनी टाकल्या. त्यांच्या कडेनं कारखाने आणि गोदामं उभी राहिली. मग ट्रक आले, हमरस्ते आले, मालगाड्या आटल्या आणि रुळांवर कुडझू नावाची जपानी वेल चढली. १९९९ मध्ये जॉर्जिया टेकमधल्या रायन ग्रॅव्हल या विद्यार्थ्यानं पदव्युत्तर प्रबंधात मांडलं की ही तुटक कडी जोडा आणि तिच्यावरून लोकांसाठी गाडी चालवा. प्रबंध म्हटला की मार्गदर्शकानं चाळायचा आणि पुढचं वाळवीवर सोपवायचं, अशी आपली धारणा. इथं तो कॅथी वुलार्ड नावाच्या नगरसेविकेनं वाचला आणि उचलूनच धरला. ही बाई नियमाला अपवाद की आपल्याकडचे प्रबंध, हे सांगणं कठीण.

पोचल्यावर दाजी गाडीतून उतरले आणि उभेच राहिले. समोर चौदा फूट रुंद, गुळगुळीत सिमेंटची वाट. तिच्यावर माणसं. दोन्ही बाजूंना गवत, पलीकडे काचेच्या इमारती, त्यांच्या तळाशी रंगीत छत्र्या आणि छत्र्यांखाली टेबलं.

"रूळ कुठायत?"

"बाबा, खाली असतील," भाचीनं थाप मारली.

"रूळ खाली नसतात. खाली खडी असते." त्यांनी बुटाच्या टोकानं कडेचं गवत उकरून पाहिलं, वाकून उताराचा अंदाज घेतला. "लाइन खरी आहे. चढ किती सावकाश आहे बघ. इंजिनासाठी घातलेला चढ आहे हा, माणसासाठी कुणी इतका जीव टाकत नाही."

हे मात्र खरं. अशा वाटांवर इतकी माणसं येतात त्याचं अर्धं श्रेय मेलेल्या इंजिनांना द्यायला हवं. त्यांना चढ सोसत नसे, म्हणून आज आजीबाईंनाही धाप लागत नाही.

चालायला लागलो आणि पहिलं संकट मागून आलं. "ऑन युअर लेफ्ट!" असं कुणीतरी ओरडलं. सायकलवाला तुमच्या डावीकडून पुढं जाणार, तेव्हा तुम्ही उजवीकडे राहा, असा त्याचा अर्थ. आयुष्य डाव्या बाजूनं काढलेला माणूस 'लेफ्ट' ऐकल्यावर काय करील? ताई, दाजी आणि मी एकजुटीनं डावीकडे उडी मारली. सायकलवाला गवतात. त्यानंच "सॉरी" म्हटलं, आणि पुढं कितीतरी सायकलवाल्यांनी तसंच म्हटलं. बाळं बापांच्या छातीला बांधलेली, कुत्री बाबागाडीत, विजेच्या स्कूटरींवर एकेक पाय ठेवून तरंगणारी मुलं, आणि धावताना ऐकू येऊ नये म्हणून कानांत बोंडं घातलेल्या मुली. ताई म्हणाली, "लक्ष्मी रोडवर दिवाळीच्या आदल्या दिवशी एवढी गर्दी नसते, आणि इथं कुणी काही विकतसुद्धा नाही." तेवढ्यात वळण आलं आणि विक्री सुरू झाली.

एकामागून एक दुकानं. सुवासिक मेणबत्त्या, धावण्याचे कपडे, धावून आल्यावर घालायचे कपडे, काडीवरचं गोठवलेल्या फळाचं सरबत. आणि बार. गंमत अशी की या इमारतींनी पूर्वी रुळांकडे पाठ केलेली होती. तोंड रस्त्याकडे, रुळांच्या बाजूला माल चढवायचे धक्के, कचऱ्याची पिंपं आणि पत्रे. २०१२ मध्ये हा पूर्वेकडचा टप्पा खुला झाला, मागून माणसांची रीघ लागली, आणि एकेक इमारत कूस बदलून मागं बघायला लागली. धक्क्याचा पॅटिओ झाला. ज्या खिडक्या कुणी पुसत नव्हतं त्यांच्यातून दिसणाऱ्या देखाव्याचे आता घरभाड्यात वेगळे पैसे लागतात.

सर्वांत मोठी कूस बदलली ती पाँस सिटी मार्केटनं. १९२६ ची ही सिअर्स-रोबक कंपनीची इमारत सुमारे एकवीस लाख चौरस फुटांची. गाडी थेट तिच्या पोटात जाई आणि दक्षिणेतल्या घराघरांत टपालानं मागवलेला माल घेऊन बाहेर पडे. १९९० मध्ये महापालिकेनं ती कचेऱ्यांसाठी घेतली. एकवीस लाख चौरस फूट भरण्याइतके कारकून जगातल्या कुठल्याच महापालिकेकडे नसतात. २०१४ पासून तिथं खाद्यबाजार, दुकानं, ऑफिसं, सदनिका आणि गच्चीवर जत्रेतले खेळ आहेत. गाडी आत जायची त्या जुन्या पुलावरून आता आपण आत जातो. दाजी टेप काढून पुलाची रुंदी मोजत होते. सुरक्षारक्षक आला, त्यानं टेपेचं दुसरं टोक धरलं आणि आकडा वाचून दाखवला.

दक्षिणेला क्रॉग स्ट्रीट मार्केट आहे, ते पूर्वी शेगड्यांचा कारखाना होतं. आता तिथं शेगड्या कुणी बनवत नाही, फक्त पेटवतात. आणि इकडे पाँस सिटी मार्केटसमोरच्या दुकानांमागं मॅग्नोलियाचं एक जुनं झाड आहे. तिथं पूर्वी बेसबॉलचं मैदान होतं आणि झाड मैदानाच्या आत. चेंडू झाडात गेला तरी खेळ चालूच, असा नियम. बेसबॉलपटू बेब रूथनं त्या झाडापर्यंत चेंडू पोचवल्याचं सांगतात. आमच्या आळीत आंब्यात चेंडू अडकला की बॅट्समन बाद आणि चेंडू काढायचं कामही त्याच्याकडेच.

पावणेअकरा झाले होते. जॉर्जिया राज्यात रविवारी सकाळी बारमध्ये मद्य मिळत नसे; साडेबारापर्यंत, म्हणजे प्रार्थना आटपून देव घरी जाईपर्यंत, थांबावं लागे. २०१८ मध्ये अटलांटाच्या मतदारांनी ही वेळ अकरावर आणली. लोकशाहीनं दीड तास जिंकला. आम्ही एका बारच्या अंगणात खडीवर मांडलेल्या लाकडी बाकांवर बसलो. खडी दिसताच दाजींना बरं वाटलं.

आता आम्ही ज्या राज्यातून येतो तिथं पिण्याची जागा म्हणजे परमिट रूम. काळ्या काचा, दाराला पडदा, आत इतका अंधार की शेजारच्या टेबलावर आपलेच साहेब बसलेत हे बिल आल्यावर कळावं. इथं सकाळच्या उन्हात, रस्त्याच्या कडेला, आजी-आजोबा, सून आणि रांगतं मूल घेऊन लोक बिअरची वाट बघत होते, आणि समोरून जाणारे-येणारे त्यांना हात करत होते. ताईनं पदर थोडा पुढं ओढला, मग इथं तिला ओळखणारं कुणी नाही हे लक्षात येऊन परत मागं टाकला.

अकराच्या ठोक्याला एक पोरगा आला आणि दाजींकडे ओळखपत्र मागितलं. एकवीस पूर्ण आहेत का, हे तपासायला. दाजींच्या मिशा पांढऱ्या होऊन एक पिढी लोटली आहे. ते इतके सुखावले की त्यांनी प्रश्न पुन्हा विचारायला लावला. पासपोर्ट घरी होता. मग त्यांनी पाकिटातून घडी घातलेला कागद काढला. तो महाराष्ट्र सरकारचा मद्यसेवनाचा आजन्म परवाना होता. १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्याकडे अजून जिवंत आहे आणि त्यानुसार पिणारा माणूस हौसेनं पीत नाही, प्रकृती टिकवण्यासाठी पितो, अशी सरकारची लेखी समजूत आहे. पोरानं ते गंभीरपणे वाचलं, आतून मॅनेजरबाईंना बोलावलं. त्यांनीही वाचलं. "म्हणजे तुमच्या सरकारनं तुम्हांला तब्येतीसाठी बिअर लिहून दिली आहे, आणि तीही जन्मभर?" दाजींनी मान डोलावली. बाईंनी कागदाचा फोटो काढून घेतला आणि पहिला ग्लास त्यांच्याकडून आला.

शेजारी एक बार कुत्र्यांचा होता, म्हणजे कुत्र्यांना मोकळं सोडायचं मैदान आणि मालकांना बिअर. आत जायला कुत्र्याच्या लसीचे दाखले लागतात. ताई म्हणाली, "कुत्र्याचे कागद पूर्ण होते, माणसाचे नव्हते."

जावई आधी डलासला होता. तिथंही हेच, तो म्हणाला. मिसूरी-कॅन्सस-टेक्सस रेल्वेच्या बंद पडलेल्या लाइनीवर 'केटी ट्रेल' आणि त्याला लागून 'केटी ट्रेल आइस हाउस' हा बार, सगळा कारभार अंगणात. रेल्वे मेली की अमेरिकेत तिच्या तेराव्याला बिअर असते, असा दाजींनी निष्कर्ष काढला.

पण इथल्या बिअरमागं हिशेब आहे. २००५ मध्ये अशी व्यवस्था केली गेली की या कड्याच्या आसपासच्या मालमत्तांची किंमत वाढेल, तिच्यावरचा जास्तीचा कर पंचवीस वर्षं याच प्रकल्पाला मिळावा. म्हणजे वाट बांधायला पैसे हवेत तर जागा महागली पाहिजे. जागा महागली तर वाट ज्यांच्या दारावरून जाते ते लोक उठून जाणार. स्वस्त घरं बांधण्याचं वचन होतं, पण ती सावकाश येत होती आणि छत्र्या भराभर उघडत होत्या. २०१६ मध्ये ग्रॅव्हलनं स्वतः याच कारणावरून प्रकल्पाच्या सहयोगी संस्थेच्या संचालक मंडळाचा राजीनामा दिला. मला विचाराल तर त्या प्रबंधापेक्षा त्या राजीनाम्याचं मला जास्त कौतुक वाटतं.

"आणि गाडी?" दाजींनी विचारलं. "प्रबंध गाडीचा होता ना?"

जावयानं घसा साफ केला. गाडीसाठी जागा राखून ठेवली आहे, नकाशात आहे. पण २०२५ मध्ये महापौर डिकन्स यांनी या पूर्वेकडच्या टप्प्यावर ट्राम आणण्याचा बेत मागं ठेवला. आधी दक्षिणेकडे बघू म्हणाले.

दाजी उठले. टेप काढली. आमच्या बाकापासून सिमेंटच्या वाटेपर्यंतचं अंतर मोजलं आणि कागदी रुमालावर दोन समांतर रेघा ओढल्या. "गेज चार फूट साडेआठ इंच. बसते. ही टेबलांची ओळ तेवढी सरकवावी लागेल." शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वाकून पाहिलं आणि गाडी आली तर इथली शांतता जाईल असं त्या म्हणाल्या, हे त्यांना बरंच मोठ्यानं म्हणावं लागलं, कारण मागं बँड सुरू झाला होता. त्यांच्यासोबतचा टोपीवाला म्हणाला की तो दक्षिणेतल्या वस्तीत राहतो आणि इथवर यायला दोन बस बदलतो, त्याला गाडी आजच हवी आहे. दोघांची जुंपली. आणखी दोन टेबलं वादात उतरली. दाजी मधे रुमाल धरून उभे. कुणीतरी त्यांना 'ट्रान्झिटवाले' समजलं, आणि त्यांनीही ते खोडून काढलं नाही.

तेवढ्यात ग्लास उचलायला आलेल्या मुलीनं रुमालावरच्या रेघा पाहिल्या आणि विचारलं, "सर, काम कधी सुरू होणार? म्हणजे कुठली टेबलं हलवायची ते मला आधी कळलं तर बरं." दाजींनी तिला अप कुठली आणि डाऊन कुठली ते दाखवलं. तिनं अपच्या बाजूच्या दोन खुर्च्या खरंच मागं ओढल्या. ताई पर्स आणि सरबताची काडी घेऊन उठली आणि डाऊनला जाऊन बसली. तिकडे सावली होती.