एक सिंगल होऊन जाऊ दे

आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये तिसऱ्या पानावर माझ्या मामाचा हात आहे. मामा नाही, नुसता हात. मनगटावर एचएमटीचं घड्याळ, मुठीत अक्षता आणि बाहीवर इस्त्रीची कडक घडी. अंतरपाट नुकताच खाली आलाय, मी हार घालायला पुढं वाकलोय आणि नेमका त्याच वेळी मामानं आम्हा दोघांच्या तोंडावरून हात लांबवलाय. हाताच्या अलीकडं माझी अर्धी मुंडावळी दिसते, पलीकडं बायकोच्या नथीतला एक मोती. घड्याळ मात्र इतकं स्वच्छ आलंय, की मुहूर्त सतरा मिनिटांनी टळला होता याचा पुरावा आमच्या घरात कायमचा होऊन बसला आहे. संसारात काही बिनसलं की बायको अल्बम काढते, ते पान उघडते आणि माझ्यापुढं ठेवून चहा टाकायला निघून जाते.

फोटो तात्यांचा. त्याचा जाब विचारायला ती नवी नवरी असतानाच स्टुडिओत गेली होती. तात्यांनी चष्मा कपाळावर चढवला, फोटो दाराशी उजेडात नेऊन पाहिला आणि म्हणाले, ‘‘वहिनी, मामांचाच हात आहे की. परक्याचा आहे का?’’ वर स्पेशल चहा मागवला. ती परत आली ती तात्यांची बाजू घेऊन. तेव्हापासून त्या फोटोचा सगळा दोष माझ्याकडं आहे, कारण मामा माझे.

सांगलीत गावभागाच्या तोंडाशी, एका जुन्या वाड्याच्या जिन्याखाली तात्यांचा स्टुडिओ होता. आत एक रंगवलेला पडदा. त्यावर संगमरवरी जिना, कारंजं आणि दोन राजहंस. भिंतीला आरसा, आरशाच्या खिळ्याला दोऱ्यानं बांधलेला कंगवा, शेजारी पावडरचा डबा. कंगवा बांधलेला का, असं विचारलं तर तात्या म्हणायचे, ‘‘माणसं पासपोर्टला येतात आणि कंगवा घेऊन परदेशी जातात.’’

सांगलीचा माणूस नाट्यपंढरीचा अभिमान सोडत नाही. तात्यांनी तो धंद्यात आणला होता. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं पहिलं मराठी नाटक केलं ते ‘सीतास्वयंवर’. म्हणजे मराठी नाटकाचा जन्मच सांगलीतल्या एका लग्नात झाला. फोटोग्राफीचा शोध पॅरिसमध्ये जाहीर झाला १८३९ साली. ‘‘चारच वर्षांचा फरक बघ,’’ तात्या हळहळायचे. ‘‘तेवढ्यात एक कॅमेरा सांगलीला पोचला असता, तर सीतेचा अल्बम आपल्याकडं असता.’’ ती ऑर्डर हातची गेल्याचं दुःख त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर दिसायचं.

कॉलेजात असताना दोन सीझन मी त्यांच्या हाताखाली हॅलोजन धरायला होतो. व्हिडिओ शूटिंगचे ते नवे दिवस. तात्यांनी व्हिडिओला एक पोरगा ठेवला होता आणि लाइटला मी. हातात तो तापलेला दिवा, मागं वायरचं भेंडोळं आणि त्या वायरीत अडखळणारे व्याही. लाइट जवळ गेला की म्हाताऱ्या बायका पदर ओढून घ्यायच्या, करवल्या केस सारखे करायच्या आणि पंगतीतला माणूस जिलेबीचा घास तोंडाशी नेऊन तसाच थांबायचा. त्या दोन सीझनमध्ये माणूस कसा जेवतो ते मी जितकं पाहिलं, तितकं कुठल्याही आचाऱ्यानं पाहिलं नसेल. तात्या मला ‘लाइटवाले’ म्हणायचे. पुढं मी नोकरीला लागलो, लग्न झालं, केस पिकले, तरी हाक तीच राहिली.

त्यांचा पहिला कॅमेरा जुना घेतलेला याशिका. दोन डोळ्यांचा, वरून खाली बघायचा. त्यात बघताना मान इतकी लवायची, की तात्या नवरानवरीला नमस्कार करताहेत असं लांबून वाटायचं. शिवाय त्यात डावं-उजवं उलटं दिसतं. त्यामुळं ‘‘जरा उजवीकडं’’ म्हणताना तात्या स्वतःच डावीकडं झुकायचे आणि सगळं वऱ्हाड त्यांच्याबरोबर झुकायचं. त्या रोलमध्ये फोटो बारा. पुढं पेंटॅक्स आला तेव्हा छत्तीस. तात्या डार्करूममध्ये अंधारात रोल भरून त्यातून अडतीस काढायचे आणि ते दोन जास्तीचे फोटो निघाले की मटक्याचा आकडा लागल्यासारखे खूश व्हायचे. त्या दोन फोटोंचं पुढं सांगतो.

आता, कार्यालयात माणसं चारशे आणि फोटो ठरलेले दोन रोल. प्रत्येकाला नवरानवरीबरोबर फोटो हवा. वधूपित्याची ऐपत तात्यांना पक्की माहीत, कारण याआधीच्या दोन मुलींची लग्नंही त्यांनीच काढलेली. मग काय करायचं? फ्लॅशच्या पाठीमागं एक लहानसं तांबडं बटण असतं. ते दाबलं की फ्लॅश पडतो, कॅमेऱ्याला काही कळत नाही. तात्यांच्या भाषेत हा ‘कोरडा’. लांबचे आत्तेसासरे, गल्लीतली मंडळी, ऑफिसातला घोळका, नवरदेवाच्या मित्रांचा सहावा फोटो, सगळे कोरडे. पण तात्यांचा कोरडा फोटो ओल्यापेक्षा मन लावून काढलेला असायचा. ‘‘काका, टोपी जरा मागं. मावशी, पदर. हां, पोरी, तू पुढं ये, तुझा नवा फ्रॉक दिसू दे. हसा!’’ लख्ख! माणसं उजळलेल्या तोंडानं स्टेजवरून उतरायची.

एकदा मी विचारलं, ‘‘तात्या, ही फसवणूक नाही का?’’

ते फ्लॅशची कुईं ऐकत उभे होते. चार्ज होईपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘ते फोटो मागायला कधी कुणी आलंय का?’’

खरंच, कुणी आलं नव्हतं. आपला फोटो निघाला एवढं लोकांना पुरायचं. तो बघायला जाणं हे पुढचं काम, आणि ते कुणाला आठवायचं नाही. पाठीमागं पडदा असलेले कॅमेरे आले आणि माणसं ‘‘दाखवा बघू’’ म्हणू लागली, तेव्हा हा कोरडा प्रकार संपला. तात्यांना डिजिटलचं कौतुक होतं, कार्डावर हजार फोटो मावतात याचं नवलही होतं; पण ‘‘दाखवा बघू’’चा त्यांना शेवटपर्यंत राग होता. लग्नाआधीच नवरानवरीचे डोंगरावर फोटो काढायची पद्धत आली, तेव्हा मुलाला कॅमेरा देऊन ते घरी बसले. त्यावर त्यांचं एकच म्हणणं होतं: ‘‘मामाचा हात नाही, तर कसलं लग्न?’’

तात्या खरे रंगात यायचे ग्रुप फोटोला. कुणाचा कुणाशी अबोला आहे, कुठला जावई रुसलाय, कुणाला कुणाशेजारी उभं केलं तर नारळ फुटेल, याचा सगळा नकाशा त्यांच्या डोक्यात. एका लग्नात बांधावरून कोर्टात गेलेले दोन सख्खे भाऊ मांडवाच्या दोन टोकांना बसले होते. तात्यांनी थोरल्याला बोलावलं, ‘‘आप्पा, फोकस बघायचाय, जरा इथं थांबा.’’ मग धाकट्याला, ‘‘अण्णा, उंचीचा अंदाज घ्यायचाय.’’ दोघं शेजारी उभे, एक पूर्वेला बघतोय, एक पश्चिमेला. तात्यांनी फोकस बघायला मोजून पाच मिनिटं घेतली. फोकसला पाच मिनिटं लागत नाहीत. तिसऱ्या मिनिटाला थोरल्यानं विचारलं, ‘‘ऊस गेला का?’’ खटला पुढंही चालू राहिला, पण तारखेला दोघं एकाच गाडीवर जायला लागले.

शिवाय जुळवाजुळव. अल्बम द्यायला तात्या स्वतः घरी जायचे आणि वाटेत चार घरी थांबायचे. बटर पेपर हळूच उलटायचे. ‘‘ही निळ्या साडीतली कोण?’’ असं एखाद्या आईनं विचारलं, की तात्यांकडं गाव, शिक्षण, मामा कुठले, सगळं तयार. एका अल्बमातून पुढच्या दोन लग्नांची ऑर्डर निघायची. याला हल्ली मार्केटिंग म्हणतात. तात्या याला ‘चहाला थांबलो होतो’ म्हणायचे.

आता ते राखीव दोन फोटो.

लग्नाची गडबड ओसरली, पंगती उठल्या, की तात्या कॅमेरा घेऊन हॉलच्या कडेनं फिरायचे. खुर्चीत एखादे आजोबा एकटेच बसलेले असायचे, एखादी आजी पान जुळवत असायची. तात्या शेजारी बसायचे, गुडघ्यांची चौकशी करायचे, मग उठून म्हणायचे, ‘‘एक सिंगल होऊन जाऊ दे.’’ हा फोटो कधी कोरडा नसायचा. अल्बममध्येही तो यायचा नाही. पैसे तर त्याचे कुणी दिलेच नाहीत.

कारण त्यांनी मला डार्करूममध्ये सांगितलं. लाल दिव्याखाली, हायपोच्या त्या आंबूस वासात, ट्रेमधला कागद हलवता हलवता. घरात कुणी गेलं की दहाव्याच्या आत फोटो लागतो. मग माणसं लग्नाचा एखादा ग्रुप घेऊन रडत येतात आणि तिसऱ्या रांगेतल्या फेट्यामागच्या अर्ध्या तोंडावर बोट ठेवतात. ‘‘तिसऱ्या रांगेतला माणूस मोठा होत नाही रे. डोळे फुटतात.’’ त्यांचे गुरू त्यावर ब्रश चालवायचे. तोंड कापून घ्यायचे आणि खाली काळा कोट रंगवायचे. जन्मभर बंडीत वावरलेल्या माणसाला मेल्यावर कोट. ‘‘आपल्या पेठेतले निम्मे स्वर्गवासी आजोबा एकाच कोटात आहेत,’’ तात्या म्हणाले. म्हणून त्यांनी स्वतः धंदा सुरू केल्यावर हे सिंगल काढायला घेतले. नाव लिहिलेल्या पाकिटात निगेटिव्ह घालून ठेवायचे. वेळ आली की घरच्यांनी विचारायच्या आत मोठा केलेला फोटो दारात हजर.

माझ्या आजीचाही असाच काढला होता, माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात. लाइट मीच धरला होता. आजीचा त्याआधी एकटीचा फोटोच नव्हता. ‘‘एकटीचा कशाला?’’ ती दोनदा म्हणाली. मग पदर डोक्यावरून घेतला, हात मांडीवर जुळवले आणि तात्यांना हळूच विचारलं, ‘‘हसू का?’’ तात्या म्हणाले, ‘‘थोडंसं.’’ तेवढंच हसू आमच्या भिंतीवर आहे.

हळूहळू ही गोष्ट गावाला कळली. मग म्हातारी माणसं तात्या कडेनं येताना दिसले की सावध व्हायची. एक आजोबा तर ‘सिंगल’ शब्द ऐकून हात धुवायच्या जागेकडून मागच्या दारानं निसटले. त्यानंतर ते बरीच वर्षं जगले आणि त्याचं श्रेय त्या मागच्या दाराला देत राहिले.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावात आलं. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट. त्या वेळी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. जिन्याखालचा स्टुडिओ जिन्यासकट बुडाला. पूर ओसरल्यावर आम्ही चिखल उपसायला गेलो, तर तात्या राजहंसांच्या पडद्याकडं ढुंकूनही बघत नव्हते. निगेटिव्हच्या ट्रंका त्यांनी बाहेर काढल्या होत्या. ‘‘सुकू देऊ नका! सुकलं की चिकटतं!’’ असं ओरडत ते सगळा माल पाण्याच्या बादल्यांत बुडवत होते. पुरानं भिजवलेलं पुन्हा पाण्यात घालणारा त्या गल्लीतला हा एकटाच माणूस. मग एकेक पट्टी सोडवून, धुऊन, वाड्याच्या चौकात दोऱ्या बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी टांगली. चार दिवस हे चाललं होतं. डोळे तांबारलेली, घरं चिखलात गेलेली माणसं जाता-येता थांबायची आणि आभाळाकडं धरून स्वतःला शोधायची. निगेटिव्हमध्ये सगळंच उलटं. मला माझी पट्टी सापडली. केस पांढरे, तोंड काळं. तात्या म्हणाले, ‘‘बघ, तेव्हाच आत्ताचा काढून ठेवला होता.’’ बरंच काही गेलं. सिंगलची पाकिटं वरच्या माळ्यावर होती म्हणून वाचली.

दोन वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नात ते पाहुणे म्हणून आले होते. ड्रोन डोक्यावरून घोंगावत होता, तो गेला की तात्या टोपी धरायचे. जेवण झालं. मी कडेच्या खुर्चीत जरा टेकलो होतो. तात्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, ‘‘गुडघे काय म्हणतात?’’

मी म्हणालो, ‘‘बरे आहेत,’’ आणि मग माझ्या लक्षात आलं.

त्यांनी पिशवीतून छोटा कॅमेरा काढला होता. ‘‘लाइटवाले, एक सिंगल होऊन जाऊ दे.’’

‘‘तात्या, मी अजून साठचाही नाही.’’

‘‘म्हणून तर. आत्ता बरा येशील.’’

मागचं दार कुठं आहे ते मी पाहून ठेवलं होतं. पण बसलो.

माझ्याआधी तेच गेले. पेपरातल्या फोटोत त्यांची कॉलर नीट आहे, पण तोंड किंचित उघडं आहे आणि धाप लागल्यासारखी दिसते. मुलगा म्हणाला, स्वतःचा सिंगल त्यांनी स्वतःच काढून ठेवला होता, टायमर लावून. दहा सेकंदांत पळत जाऊन स्टुलावर बसायचं म्हणजे तेवढं होणारच. चौदाव्या दिवशी त्यानं मला बोलावून एक पाकीट दिलं. वर तात्यांच्या अक्षरात माझं नाव, खाली ‘मोठा होतो’.

घरी येऊन बायकोला दाखवला. तिनं चष्मा लावला, दाराशी उजेडात नेऊन पाहिला.

‘‘छान आलाय,’’ ती म्हणाली. ‘‘तात्यांच्या फोटोत तुमचं तोंड पहिल्यांदाच दिसतंय.’’

मग तिनं कपाटातून अल्बम काढला, तिसरं पान उघडलं, बटर पेपर उचलला आणि तो फोटो मामाच्या हाताखाली सरकवून ठेवला.