अहो, त्या माटिल्डांचं ऐकलंत का?

अहो, ऐकलंत का? या ना जरा कुंपणाजवळ, मोठ्यानं बोलायची सोय नाही. त्या इंग्लंडच्या पहिल्या हेन्रीच्या घरात जिकडे बघावं तिकडे माटिल्डा! जुन्या जर्मनांचं नाव हो ते, बळ आणि लढाई जोडून केलेलं. मुलगी माटिल्डा, तिची आजी माटिल्डा, आई माटिल्डा. आई खरं तर माहेरची एडिथ, ११०० साली लग्न झालं आणि सासूचंच नाव पदरात पडलं! भावजयसुद्धा माटिल्डा. पुढे त्या भावजयीच्या धाकट्या भावालाच ही मुलगी दिली, म्हणजे तीच नणंद. साटंलोटंच की!

तर काय सांगत होते... हं, मुलगी. ती आधी जर्मन सम्राटाची बायको. भाऊ ११२० मध्ये व्हाइट शिप नावाच्या जहाजाबरोबर बुडाला, ११२५ मध्ये नवरा गेला. मग बापानं सगळ्या सरदारांना शपथा घ्यायला लावल्या, की माझ्यामागं गादी हिचीच. तो आतेभाऊ स्टीफन, शपथेचा पहिला मान कुणाचा यावरून भांडला म्हणे! आणि ११३५ मध्ये मामानं डोळे मिटले मात्र, पठ्ठ्या लंडन गाठून मुकुट घालून मोकळा.

आणि तिचं ते दुसरं लग्न... ही सव्वीस वर्षांची, नवरा पुरता पंधराचाही नाही! तोंड केवढंसं झालं असेल बिचारीचं. शेवटपर्यंत स्वतःला 'एम्प्रेस' म्हणवून घेत राहिली, ते काय उगीच?

बरं, मग गादीवरून दोघांची जुंपली, आणि ११४१ मध्ये लिंकनच्या लढाईत स्टीफन सापडला हिच्या लोकांच्या हाती. आता मुकुट डोक्यावर चढणारच! स्टीफनची बायको, तीही माटिल्डाच, आणि हिची सख्खी मावसबहीण बरं का, नवऱ्याला सोडा म्हणून विनवत होती. हिनं सरळ झिडकारलं. लंडनच्या लोकांनी हिनं मागितलेल्या पैशांत जरा सूट मागितली, तर कपाळाला आठ्या घालून त्यांनाच चार शब्द सुनावले. त्यांचे चेहरे असे उतरले... मग काय, जूनमधली गोष्ट, ही जेवायला बसणार एवढ्यात गावभर घंटा वाजल्या आणि लोक अंगावर आले. भरलं ताट टाकून पळाली हो!

इकडे मावसबहिणीच्या फौजेनं हिचा सावत्र भाऊ रॉबर्टच पकडला. मग भाऊ हवा तर नवरा द्या! द्यावाच लागला. गोड बोलून नाही मिळाला, तो तिनं असा मिळवला.

हिचीही हिंमत कमी नव्हती हं. पुढच्या वर्षी ऑक्सफर्डच्या वेढ्यातून, ऐन बर्फात पांढरं पांघरून, पायी निसटली. पण जिभेनं घात केला तो केलाच. गादी मिळाली ती ११५४ मध्ये, तिला नाही, तिच्या मुलाला. आणि एवढं महाभारत झाल्यावर त्यानं आपल्या लेकीचं नाव काय ठेवावं? माटिल्डा! आता बोला!