आल्प्सवरून आणलंय म्हणे!

अहो, ऐकलंत का? या ना जरा कुंपणाशी, ओरडून सांगण्यासारखं नाहीये. कोपऱ्यावरच्या वहिनींचं कळलं ना? त्या हाउसवुर्त्सचं, म्हणजे सेम्परव्हायव्हमचं हो!

रविवारी चहाला बोलावलं होतं त्यांनी, तुम्ही नेमक्या ऑग्सबुर्गला गेलेल्या. टेबलावर मधोमध कुंडी. राखी-निळ्या जाड पानांचा गड्डा, आणि वहिनी म्हणतात कशा, "दुकानातलं नाही हं हे. आल्प्समध्ये ट्रेकला गेलो होतो ना, खडकाच्या फटीतून स्वतः काढून आणलंय. अस्सल सेम्परव्हायव्हम!" मान अशी ताठ, की बघतच राहावं.

आणि समोर बसलेल्या कोण, तर आपल्या पलीकडच्या जर्मन आजी! त्यांच्या शेडची कौलं पाहिलीत ना? चिमूटभर मातीत कसली माजलीत ती हाउसवुर्त्सची झाडं. बर्फाखाली गाडली जातात, मार्चात पुन्हा तरतरीत. कौलावर असली की घरावर वीज पडत नाही, असं त्यांची आजी म्हणायची. शार्लमेन राजानं तर बाराशे वर्षांपूर्वी फर्मानच काढलेलं, की माळ्यानं आपल्या घरावर 'ज्युपिटरची दाढी' लावावी. म्हणजे हेच. ज्युपिटर म्हणजे आपल्या इंद्रासारखा, वज्रवाला. आमचा मुलगा हसतो, म्हणतो आई, विजेसाठी अर्थिंग असतं. हसू दे मेल्याला...

तर काय सांगत होते, आजींनी कप खाली ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "डोंगरातलं उपटायला बंदी आहे. संरक्षित आहे ते." अहो, वहिनींचा चेहरा! आता चोर ठरायचं की खोटारडं? बिस्किटांकडे कोणी बघेना. शेवटी पुटपुटल्या, "म्हणजे... तसं सुपरमार्केटातून आणलंय. चार युरोंना."

पण आजी कुठल्या थांबायला! चष्मा चढवला, कुंडी फिरवली. "हा दांडा बघा." फुलाचा दांडा पानांच्या बेचक्यातून निघालेला, एका बाजूनं. अस्सलाचा कसा, गड्ड्याच्या बरोब्बर मधून वर येतो, फुलतो आणि तो गड्डा मरतो. भोवती पिल्लं मात्र सोडून जातो. फूल चांदणीसारखं, आठ-दहा, कधी सोळासुद्धा पाकळ्यांचं. वहिनींच्या दांड्यावर लोंबत होत्या घंटा! "एचेव्हेरिया आहे ही," आजी म्हणाल्या, "मेक्सिकोची. थंडीआधी घरात घ्या, नाहीतर चिखल होईल." अहो, पुण्यातल्या नर्सऱ्यांत रांगेनं मांडलेली असते ती! नुसतं डोळ्यांनी सांगत होते मी आमच्या सुनेला, हसू नकोस म्हणून.

मात्र रंगावरून कोणी ओळखायला जाऊ नये, हे मी शपथेवर सांगते. एप्रिलात मी बाजारातून लालचुटुक आणलं, जुलैत बघते तर हिरवंगार! फसवलं म्हणून भांडायला निघाले होते, आजींनीच अडवलं. ऋतूप्रमाणे रंग बदलतात म्हणे ती. त्यात आपापसात संकर इतके, की कुंडीतली चिठ्ठी हरवली की नाव गेलंच. आजीसुद्धा मग नुसतं 'तांबडं' आणि 'मोठं' म्हणतात.

आणि एक... तुमच्याजवळच ठेवा हं. मला त्यांनी छोटंसं एक दिलं होतं, अरॅक्नॉइडियम. पानांच्या टोकांपासून टोकांपर्यंत पांढरे धागे. मला वाटलं, कोळिष्टकं! जुना टूथब्रश घेऊन अर्धी दुपार साफ करत बसले. चकचकीत केलं अगदी. संध्याकाळी आजी आल्या, त्या भादरलेल्या गड्ड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. एक शब्द नाही! ओरडल्या असत्या तर परवडलं असतं हो. ती जाळी त्याचीच असते, अंगची...

आता नवी पिल्लं फुटलीत, जाळीसकट. देऊ का एक? मातीत निम्मी खडी घाला, ऊन भरपूर, पाणी बेतानं. बर्फाची काळजी नको, पाणी साचलं की मात्र कुजलंच म्हणून समजा. आणि मी काही बोलले नाही हं, वहिनी आल्या तर... अगं बाई, आल्याच की! या, या वहिनी! तुमचाच विषय... नाही, म्हणजे गारठा वाढलाय ना, कुंडी आत घेतलीत का?