डंडे फुल, गाडी लूपमध्ये

पूर्वी आमच्या बालाघाटकडच्या लामत्यात दारापुढं ट्रॅक्टर उभा असला की माणूस मोठा. आता घरात तीन पांढरे डबे उभे असले की मोठा. त्या डब्यांना वायफाय मेश म्हणतात. एक पुढच्या ओसरीत, दुसरा मधल्या खोलीत, तिसरा पार मागे कोठ्याला लागून. तिघांवरही हिरवा दिवा, मोबाइलवर डंडे फुल आणि पडद्यावर गरगर फिरणारं चक्र.

‘‘डंडे त फुल आहेत,’’ आमचे काकाजी विचारतात, ‘‘मंग हे काहाले फिरते?’’

प्रश्न रास्त आहे आणि उत्तर सरकारी आहे. डंडे इंटरनेटचे नसतातच. मोबाइलला जवळच्या डब्याचा आवाज किती ठणठणीत ऐकू येतो, तेवढंच ते सांगतात. डबा कोठ्याजवळ, काकाजी कोठ्याजवळ, म्हणून डंडे फुल. त्या डब्याच्या पदरात मागून काय पडतंय, याची चौकशी करायची डंड्यांना मुभा नाही. दारात फलक लागला की योजना पोहोचली, असं मानणाऱ्या एखाद्या खात्यानंच हे यंत्र बनवलं असावं, अशी मला दाट शंका आहे.

आमच्या भागात हे रेल्वेच्या भाषेत चटकन कळतं. गोंदिया–बालाघाट–नैनपूर–जबलपूर ही शतकभर अडीच फुटांची नॅरोगेज होती. रुंदीकरण नव्वदच्या दशकात मंजूर झालं आणि पुऱ्या मार्गावर मोठी गाडी धावायला 2020 चं दशक उजाडलं. तोवर आमच्या दोन पिढ्या लूपमध्ये उभं राहायला शिकल्या. सिंगल लाईनवर समोरून गाडी येत असेल तर आपली बाजूला थांबते, मग ती खालची असो की वरची. स्वस्तातला मधला डबा नेमका या सिंगल लाईनवर चालतो. ओसरीतल्या डब्याकडून घ्यायचं आणि कोठ्यातल्या डब्याला द्यायचं, दोन्ही कामं त्याला एकाच रेडिओवर करावी लागतात. घेताना देता येत नाही, देताना घेता येत नाही. ढोबळमानानं एका टप्प्यात क्षमता निम्मी होते, दुसऱ्या टप्प्यात त्याच्याही निम्मी. महागड्या संचात या ने-आणीसाठी तिसरा पट्टा राखून ठेवलेला असतो. पण आपण ‘बजेट’ घेतलं. घासाघीस करून घेतलं, शिवाय दिवाळी ऑफरमध्ये घेतलं.

खोक्यावर मात्र 1200 छापलेलं आहे. या आकड्याचं गणित ऐकण्यासारखं आहे. 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्याचा कागदोपत्री वेग 300, 5 गिगाहर्ट्झचा 867. बेरीज 1167. वर 33 मेगाबिट दुकानदाराच्या प्रेमाखातर. एक गाडी साठच्या वेगानं आणि दुसरी चाळीसच्या वेगानं निघाली, तर आपण शंभरच्या वेगानं गोंदियाला पोहोचलो असं कोणी म्हणत नाही. वायफायवाले म्हणतात. काही संचांची आणखी मजा अशी की खोक्यावर 1200 आणि मागं वायर खुपसायचं भोक 100 मेगाबिटचं. वरून ब्रॉडगेज, बुडाशी नॅरोगेज.

मग घराची कथा. आमची जुनी घरं लांबट, मातीच्या जाड भिंतींची, वर कवेलू. उन्हाळ्यात थंडगार, म्हणून त्यांचं कौतुक करावं तितकं थोडं. पण 5 गिगाहर्ट्झच्या लहरीला अशी भिंत ओलांडणं जड जातं, आणि पावसाळ्यात भिंतीनं ओल धरली की आणखी जड, कारण पाणी या लहरी शोषतं. मधल्या खोलीत चिन्नोरची पोती छतापर्यंत रचलेली. त्या तांदळाला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण वायफायला रस्ता द्यावा अशी अट त्यात नव्हती. बाजूला लोखंडी कपाट. तिसरा डबा या सगळ्याच्या पल्याड, कारण ‘‘तिथंच त नेट येत नव्हतं!’’

घरोघरी होते ती चूक हीच. नेट जिथं पोहोचत नाही तिथं डबा ठेवतात. डबा नेट बनवत नाही, आलेलं पुढं ढकलतो. तो ठेवायचा असतो अर्ध्या वाटेवर, जिथं पहिल्या डब्याचं नेट अजून धडधाकट आहे तिथं.

बसवायला आलेल्या पोरानं जाता जाता आणखी एक आहेर केला. कंपनीचा मोडेम स्वतः राउटरचं काम करत असतो. त्याच्यापुढं मेशही राउटर म्हणून बसवला की एका घरात दोन पटवारी होतात. दोघंही पत्ते वाटतात आणि दारावरच्या कॅमेऱ्याला बाहेरून शोधू गेलं तर सापडत नाही. इलाज सोपा आहे. मेशला अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाकायचं आणि मोडेमचं जुनं वायफाय बंद करायचं. ते बंद केलं नाही तर मोबाइल कोठ्यात येऊनही ओसरीतल्या जुन्या नावाला चिकटून राहतो. जागा कधी सोडायची हे मोबाइलच ठरवतो, राउटर फार तर विनंती करू शकतो. आमच्याकडच्या पंचायतीतही हीच पद्धत आहे.

आणि लाईट गेल्यावर? मोडेम मीटरजवळ, सरळ वीजमंडळाच्या भरवशावर. तिन्ही डबे इन्व्हर्टरवर. त्यामुळे अंधारात इंटरनेट शून्य असतं आणि डंडे मात्र फुल.

काकाजींना हसण्यात अर्थ नाही. त्यांनी घरात केलं तेच दिल्लीनं देशात केलं. गावागावांत फायबर न्यायची योजना ऑक्टोबर 2011 मध्ये मंजूर झाली आणि 2015 मध्ये तिचं नाव भारतनेट झालं. सुरुवातीची बांधणी एकामागे एक, साखळीची. मध्ये कुठं खोदकामात केबल तुटली की पुढच्या पंचायती गुल. ऑगस्ट 2023 मध्ये सुमारे 1 लाख 39 हजार कोटींची सुधारित योजना मंजूर झाली. तिच्यात साखळीऐवजी रिंग आहे, म्हणजे एका बाजूनं तुटलं तर दुसऱ्या बाजूनं यावं. दिल्लीला बारा वर्षं लागली. काकाजींना दिवाळीपासून होळीपर्यंत मुदत द्यायला हरकत नाही.

शेवटी इलाज निघाला तो वायरचा. ओसरीतून कवेलूंच्या खालून, पोत्यांच्या वरून, थेट कोठ्यापर्यंत साधी कॅट-6 केबल. अशी तांब्याची केबल शंभर मीटरपर्यंत निर्धास्त चालते, आणि लामत्यात अजून कोणाचं घर तेवढं लांब नाही. ने-आण वायरवर गेली, रेडिओ मोकळा झाला, चक्र थांबलं. कोठ्यात नातवाची परीक्षेची चित्रफीत अडखळल्याशिवाय चालू लागली.

काकाजींनी वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत डोळ्यांनी मोजली.

‘‘वायरच टाकाची होती, त वायरलेस काहाले घेतलो मी?’’

डबे बसवणारा पोरगा म्हणाला, चार डब्यांच्या संचावर सध्या सूट आहे.